घरात तीन दुचाकी आणि ऑइलचा डबा एक: हे जमेल का?

सोलापुरी_चाक

नमस्कार मंडळी. आमच्या घरी तीन दुचाकी आहेत: माझी पल्सर १५०, धाकट्या भावाची स्प्लेंडर आणि आईची ॲक्टिव्हा. तिन्हींची वॉरंटी संपली आहे आणि यापुढे इंजिन ऑइल घरीच बदलायचे असे मी ठरवले आहे. अडचण ऑइल निवडण्याची आहे. पल्सरच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५०, एपीआय एसएल, जासो एमए असे छापले आहे. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० एमए सांगितले आहे आणि ॲक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० एमबी.

आमच्या ओळखीच्या दुकानदाराकडे कारच्या ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक ऑइलचा मोठा डबा पडून आहे. तो सवलतीत द्यायला तयार आहे आणि "महागातले ऑइल आहे, तिन्ही गाड्यांत बिनधास्त घाला" असे त्याचे म्हणणे आहे. मेकॅनिकचे मत याच्या अगदी उलट आहे. सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, तेव्हा तिन्ही गाड्यांत २०डब्ल्यू-४० घालून मोकळे व्हा, असे तो म्हणतो. एकाच प्रकारचे ऑइल तिन्ही गाड्यांना चालू शकते का, आणि चालत नसेल तर नेमके कशामुळे, हे कोणी समजावून सांगेल काय?

पुस्तिकावाचक

उत्तर आपण स्वतःच आपल्या पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे.

सोलापुरी_चाक

पुस्तिका "काय" ते सांगते, "का" ते सांगत नाही. म्हणूनच तर धागा काढला.

खुंटीवरचे_हेल्मेट

एकच डबा हवा असेल तर गोडेतेलाचा घ्यावा. गाड्यांना चालले नाही तरी भजी तळता येतील.

रसायनी

मी वंगणतेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून "का"चे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. लांबण लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

डब्यावर तीन स्वतंत्र गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. पहिली गोष्ट दाटपणा. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज हलते त्याबद्दल आहे, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते त्याबद्दल. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या कोष्टकानुसार १०० अंशांना ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ असावा लागतो. म्हणजे पल्सरसाठी सांगितलेले ऑइल गरम असताना स्प्लेंडरच्या ऑइलपेक्षा साधारण पावणेदोन पट दाट असते. हा फरक किरकोळ नाही.

दुसरी गोष्ट एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची, दर्जा दाखवणारी अक्षरे. एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी ही चढती भाजणी आहे. एसएल २००१ चे, एसएन २०१० चे आणि एसपी २०२० चे. ही अक्षरे प्रामुख्याने कारची इंजिने डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली आहेत, त्यामुळे मोटरसायकलसाठी एसपी हे एसएलपेक्षा हमखास सरस ठरेल असे समजू नये.

तिसरी गोष्ट जासो, म्हणजे जपानी वाहन मानक संस्थेची खूण, आणि आपल्या प्रश्नाची खरी मेख तिथेच आहे. कारमध्ये इंजिन ऑइल फक्त इंजिनात फिरते, तर आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत तेच ऑइल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना सांभाळते. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरावे अशी आपली अपेक्षा असते. इंधन वाचावे म्हणून कारच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळू लागले तेव्हा मोटरसायकलींचे क्लच घसरू लागले, आणि त्यावर उपाय म्हणून जपानमध्ये १९९८ साली जासोचे हे मानक आले. क्लचच्या चाचणीत पुरेसे घर्षण टिकवणारे ऑइल ते एमए आणि कमी घर्षणाचे ते एमबी. पुढे २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन पोटभाग केले गेले आणि त्यांपैकी एमए२ मध्ये घर्षण अधिक असते.

ॲक्टिव्हाचा क्लच कोरडा असतो, ऑइलचा त्याच्याशी संबंध येत नाही, म्हणून तिला एमबी चालते. तेच एमबी स्प्लेंडरमध्ये घातले तर क्लच घसरण्याचा धोका आहे. कारच्या डब्यावर तर सहसा जासो एमएचा उल्लेखच नसतो, तेव्हा दुकानदाराचा डबा दुकानदाराकडेच राहू द्यावा.

चंद्रपूरकर

रसायनीसाहेबांनी छान समजावले, परंतु उन्हाचा मुद्दा त्यांनी बाजूलाच ठेवला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो. दुपारी सिग्नलला उभे राहिलो की एअरकूल्ड इंजिनाचा शेक पोटऱ्यांना बसतो. अशा वेळी १०डब्ल्यू-३० घातलेल्या गाडीचे गिअर कडक पडतात, न्यूट्रल सापडत नाही आणि इंजिनाचा आवाज वाढतो, हा आमच्या भागातला सर्रास अनुभव आहे. आमच्याकडचे जुने मेकॅनिक उन्हाळ्यात सर्रास २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घालतात आणि त्या गाड्या लाख-लाख किलोमीटर चालतात. सोलापूर काही महाबळेश्वर नव्हे, त्यामुळे आपल्या मेकॅनिकला मी पूर्णपणे चूक म्हणणार नाही.

रसायनी

चंद्रपूरकर, आपले निरीक्षण मी नाकारत नाही, फक्त कारणाबद्दल थोडे वेगळे म्हणणे आहे. बाहेरचे तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेले म्हणून इंजिन सुरू होताना ऑइल पातळ ठरेल असे नाही. १०डब्ल्यू-३० चा दाटपणा ४० अंशांना १०० अंशांच्या तुलनेत सहा-सात पट असतो. थोडक्यात, आपल्या उन्हाळ्यातसुद्धा सकाळी पहिली किक मारताना ऑइल इंजिनाला हवे त्याहून दाटच असते. अडचण येते ती एअरकूल्ड इंजिन वारा न लागता बराच वेळ तापत राहते तेव्हा, कारण ऑइलचे तापमान तेव्हा १०० च्या पुढे सरकते.

गिअर कडक पडण्यामागे आणखी एक कारण असते. मल्टिग्रेड ऑइलमध्ये दाटपणा टिकवणारी लांब साखळ्यांची बहुवारिके (पॉलिमर) असतात आणि गिअरच्या दात्यांमध्ये सापडून त्या साखळ्या तुटतात. त्यामुळे डब्यातून ओतताना ४० ग्रेडमध्ये बसणारे ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ३० ग्रेडच्या हद्दीत उतरू शकते. मे महिन्यात बिघडलेले गिअर नवे ऑइल घालताच सुधारले की श्रेय दाट ग्रेडला दिले जाते. प्रत्यक्षात त्याच ग्रेडचे ताजे ऑइल घातले असते तरी बराच फरक जाणवला असता.

चंद्रपूरकर

हे मात्र पटण्यासारखे आहे. तरीही जुन्या, झिजलेल्या इंजिनात एक पायरी दाट ऑइल घालण्याबद्दल आपला आक्षेप नसावा असे मी गृहीत धरतो.

रसायनी

पुस्तिकेत तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिलेला असेल आणि त्यात ती पायरी बसत असेल तर आक्षेप नाही. स्प्लेंडरमध्ये थेट २०डब्ल्यू-५० घालायला मात्र मी सांगणार नाही. ऑइल वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत, पोहोचायला उशीर होतो, आणि इंजिनाची बरीचशी झीज सुरू होतानाच्या त्या क्षणांतच होत असते. शिवाय पंपाला आणि क्रँकला दाट ऑइल ढवळत बसावे लागते आणि त्याची किंमत ॲव्हरेजमधून वसूल होते.

घाटवाट

कारच्या ऑइलबद्दल एक प्रत्यक्ष पाहिलेला प्रकार सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या गाडीत गावातल्या एका गॅरेजने कारचे उरलेले ऑइल घातले होते. सपाट रस्त्यावर काहीच जाणवले नाही. वरंध घाट चढताना मात्र चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की इंजिनाचा आवाज चढायचा, टॅकोमीटरचा काटा वर जायचा आणि स्पीडोमीटरचा काटा जागचा हलायचा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये सगळे ठीक वाटत होते, त्यामुळे त्याला आधी चेन ढिली झाल्याचा संशय आला. पुढे ऑइल दोनदा बदलून क्लच काहीसा सुधारला, पण प्लेटा जळाल्याचा वास आला होता, त्या शेवटी बदलाव्याच लागल्या. डब्यामागे वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला.

आपल्या गाडीचा क्लच घसरतो आहे का हे बघायचे असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम थ्रॉटल द्यावा. आवाज आणि वेग बरोबरीने वाढायला हवेत.

बुलेटमित्र

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना या भानगडी नाहीत. आमच्या गाडीत इंजिनाचे ऑइल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे आणि क्लच ज्या चेनकेसमध्ये बसतो तिचेही वेगळे. त्यामुळे इंजिनात डिझेल गाडीचे १५डब्ल्यू-४० घालणारे कितीतरी जण मला माहीत आहेत आणि त्यांची इंजिने ठणठणीत आहेत. डिझेलच्या ऑइलमध्ये साफसफाई करणारी द्रव्ये भरपूर असतात आणि घर्षण घटवणारी सहसा नसतात, तेव्हा पल्सरमध्येही ते चालायला हरकत नसावी.

पुस्तिकावाचक

बुलेटमित्र, आपल्या गाडीचा क्लच दुसऱ्या खोलीत राहतो, पल्सरचा त्याच खोलीत राहतो. आपल्या उदाहरणावरून पल्सरबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही.

बुलेटमित्र

मान्य. पण नव्या, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या बुलेट ३५० मध्येसुद्धा डिझेलचे ऑइल घालून समाधानी असलेले लोक आहेत, तेही खोटे बोलत नाहीत.

रसायनी

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. डिझेलच्या बऱ्याच ऑइलांनी क्लच घसरत नाही हे खरे आहे. मात्र "बऱ्याच" आणि "या डब्यातल्या" यांत फरक आहे आणि तो फरक मिटवण्यासाठीच जासोची चाचणी असते. डब्यावर डिझेलच्या वर्गाबरोबर जासो एमए हेही लिहिले असेल तर प्रश्नच मिटला. दुसरी बाब राखेची. साफसफाईच्या धातुयुक्त द्रव्यांमुळे डिझेलच्या ऑइलमध्ये राखेचे प्रमाण सहसा जास्त असते, आणि जे इंजिन थोडेफार ऑइल पिते त्यात ती राख पिस्टनच्या माथ्यावर थर धरते. ज्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे त्यांनी तर याचा अधिक विचार करावा, कारण जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस त्या कन्व्हर्टरला मारक असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यानंतरच्या गाड्या त्यात आल्याच.

स्पितीच्या_वाटेवर

वरच्या चर्चेत डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केले, कारण सगळे महाराष्ट्रात बसून लिहीत आहेत. हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला गाडी नेणाऱ्यांनी तो आकडा पाहूनच निघावे. २०डब्ल्यूची थंड इंजिनाची चाचणी उणे १५ अंशांना होते आणि १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना. त्या थंडीत पहाटे सेल्फ मारला की दाट ऑइलचे इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबते आणि बॅटरी बसते. सोलापूरकरांना याचा काडीचाही उपयोग नाही याची मला कल्पना आहे.

खुंटीवरचे_हेल्मेट

सोलापुरात उणे १५ झाले तर ऑइलचा नव्हे, ज्वारीचा धागा काढावा लागेल.

भरती_ओहोटी

आम्ही रत्नागिरीकडचे. आईच्या ॲक्टिव्हाबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहिते. घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढेच चालणारे इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे आत साठलेली वाफ आणि थोडे पेट्रोल ऑइलमध्येच मुरते. आमच्याकडे पावसाळ्यात अशा स्कूटरची डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) बाहेर काढली की झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा पांढरट, चिकट थर दिसतो. किलोमीटर फारसे झालेले नसतात म्हणून लोक ऑइल बदलत नाहीत. अशा गाडीला किलोमीटरपेक्षा महिन्यांचा हिशेब लावावा, आणि अधूनमधून तिला सलग वीस-पंचवीस मिनिटे चालवून चांगली तापवावी. कमी चालणाऱ्या स्कूटरमध्ये महागडे सिंथेटिक घालून वर्ष-दीड वर्ष तसेच ठेवण्यापेक्षा साधे ऑइल वेळेवर बदललेले केव्हाही बरे.

सोलापुरी_चाक

भरती_ओहोटी, आपला प्रतिसाद वाचून लगेच ॲक्टिव्हाची डिपस्टिक काढून पाहिली. साय नाही, पण ऑइल पूर्ण काळे आहे. म्हणजे ते गेले असे समजावे का? आणि सिंथेटिकचा विषय निघालाच आहे तर पल्सरसाठी ते घ्यावे काय?

रसायनी

काळा रंग हे ऑइल मेल्याचे लक्षण नाही. काजळी धरून ठेवणे हेच त्यातल्या द्रव्यांचे काम आहे, आणि पुष्कळ दिवस गाडी चालवूनही ऑइल पिवळेधमक राहिले तर मलाच शंका येईल. बोटाला खरखर लागली, चकाकणारे कण दिसले, पेट्रोलचा उग्र वास आला किंवा रंग दुधट झाला तर काळजी करावी.

सिंथेटिकबद्दल बाजारात जेवढा गाजावाजा आहे तेवढी त्या शब्दाची व्याख्या काटेकोर नाही. एकेकाळी कृत्रिम रीतीने बनवलेल्या मूळ तेलांनाच हे नाव मिळत असे. पुढे खनिज तेलावर हायड्रोजनची कठोर प्रक्रिया करून मिळणाऱ्या तिसऱ्या गटाच्या तेलालाही सिंथेटिक म्हणावे की नाही यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांत वाद झाला आणि १९९९ साली तिथल्या जाहिरातविषयक मंडळाने म्हणू देणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून एकाच नावाखाली बरेच काही खपते. चांगले सिंथेटिक जास्त तापमानात कमी जळते, कमी उडते आणि अधिक काळ टिकते, यात शंका नाही. जोरात पळवल्या जाणाऱ्या इंजिनाला त्याचा खरोखर उपयोग होतो. आपल्या पल्सरला पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे आणि एमएचे साधे ऑइल मुदतीत बदललेत तर पुरेसे आहे. ग्रेड आणि जासो जुळत असेल आणि खर्चाची तयारी असेल तर सिंथेटिक घालण्यातही गैर काही नाही.

पाना_पक्कड

मी गॅरेज चालवतो. वर मेकॅनिकांना बरेच बोल लागले आहेत, म्हणून आमची बाजू मांडतो. ज्या गॅरेजमध्ये ड्रममधले सुटे ऑइल वापरतात तिथे एकच ग्रेड ठेवणे परवडते, म्हणूनच "सगळ्यांना २०डब्ल्यू-४०" हा सल्ला जन्माला येतो. अर्धे ग्राहक "स्वस्तातले घाल" म्हणतात आणि उरलेले ग्रेड विचारत नाहीत. जो ग्राहक सीलबंद डबा आणून समोर उभा राहतो त्याच्या गाडीत आम्ही तोच डबा ओततो. डबा ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्यावा, सील नीट पाहावे आणि रिकामा झालेला डबा कापून टाकावा, कारण बनावट ऑइल भरणारे लोक असेच रिकामे डबे शोधत असतात.

घरी बदलताना ग्रेडइतकेच माप महत्त्वाचे आहे. एक लिटरचा डबा आहे म्हणून पूर्ण एक लिटर ओतायचे नसते. स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हाला त्याहून कमी लागते. जास्त झालेले ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरकडे जाते आणि मग लोक "गाडी ऑइल फेकते" अशी तक्रार घेऊन येतात. इंजिन थोडे तापवून ऑइल काढावे, गाडी डबल स्टँडवर सरळ उभी ठेवावी, नवे भरल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, थोडे थांबून मग पातळी पाहावी. डिपस्टिक आट्यांची असेल तर ती फिरवून घट्ट न करता नुसती टेकवून पाहायची, की आटे बसवून पाहायची, हे पुस्तिकेत दिलेले असते. ड्रेन बोल्टचे (ऑइल काढण्यासाठी उघडतात त्या बोल्टचे) वॉशर नवे घालावे आणि बोल्ट आवळताना अंगातला सगळा जोर लावू नये. ॲल्युमिनियमचे आटे गेले की रिबोअरइतका (सिलिंडर नव्याने कोरून घेण्याइतका) नाही, पण चांगलाच फटका बसतो.

सोलापुरी_चाक

सर्वांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या समजुतीप्रमाणे पल्सरला २०डब्ल्यू-५० एमए वेगळेच घ्यावे लागेल. पण स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हा या दोघींना १०डब्ल्यू-३० एमए चालू शकेल ना? एमबी स्प्लेंडरला नको, पण एमए ॲक्टिव्हाला का नको, असा माझा तर्क आहे.

रसायनी

तर्क बरोबर आहे. एमएने ॲक्टिव्हाच्या इंजिनाचे नुकसान होणार नाही. एमबीमुळे घर्षणात जी थोडी बचत होते ती मिळणार नाही, इतकेच. डबा फोडल्यावर उरलेले ऑइल झाकण घट्ट लावून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे आणि पुढच्या खेपेला वापरून टाकावे.

पुस्तिकावाचक

माझा विरोध नोंदवून ठेवतो. ॲक्टिव्हाला वर्षाकाठी लागणारे ऑइल ते किती, आणि त्यासाठी कंपनीने सांगितलेले सोडून द्यायचे कशाला? डबा एकाऐवजी दोन झालेच आहेत, तर तिसऱ्याने घर भरून जाणार नाही.

सोलापुरी_चाक

आईचेही तेच म्हणणे पडले. तिने पुस्तिका स्वतः वाचली आणि "माझ्या गाडीत यांचे उरलेसुरले नको" असे स्पष्ट बजावले. त्यामुळे तिसरा डबा येणार. काढलेल्या जुन्या ऑइलचे काय करावे? गावाकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात.

भरती_ओहोटी

फासतात, पण पहिल्याच पावसात ते जमिनीत आणि तिथून विहिरीत उतरते. तसे करू नये.

पाना_पक्कड

रिकाम्या डब्यात भरून जवळच्या गॅरेजमध्ये द्यावे. आमच्याकडे त्याचा ड्रम असतो आणि जुने ऑइल शुद्ध करणाऱ्यांकडे तो जातो. त्यात पाणी किंवा फिल्टर धुतलेले पेट्रोल मिसळू नये, नाहीतर घेणारा परत पाठवतो.

आणि ॲक्टिव्हाखाली पाना लावण्याआधी एक लक्षात ठेवा. तिला दोन ड्रेन बोल्ट असतात, एक इंजिनाचा आणि दुसरा मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा. घरी बदलणारे अनेक जण मागचा बोल्ट उघडतात, थोडेसेच ऑइल निघाले म्हणून बुचकळ्यात पडतात, आणि मग इंजिनात जुन्यावर नवे ओतून गिअरबॉक्स कोरडी ठेवून गाडी चालवतात. भरपूर काळे ऑइल निघाले तरच तो इंजिनाचा बोल्ट आहे असे समजावे.

सोलापुरी_चाक

आताच खाली वाकून पाहिले. मी मागचाच बोल्ट उघडणार होतो.